घरातलं नेट समजून घ्या: राउटर, ओएनटी, आयपी, डीएनएस म्हणजे काय? बिघाड नेमका कुठे, तो कसा ओळखाल?

गावागावांत आता खांबावरून फायबरची वायर आली आहे. पीक विम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सातबारा, मुलांचा ऑनलाइन क्लास, गोठ्यावरचा कॅमेरा, दुकानातला क्यूआर कोड अशी निम्मी कामं घरातल्या नेटवर चालतात. पण नेमक्या शेवटच्या तारखेला नेट बंद पडतं. आपण केबलवाल्याला किंवा कंपनीला फोन लावतो आणि सांगतो, "नेट चालत नाही." समोरून प्रश्न येतात, "लॉसची लाईट लाल आहे का? पॉन लागलाय का? वायफाय कनेक्ट आहे, पण नेट नाही, असं आहे का?" इथे बहुतेकांची गाडी अडते.

हे शब्द माहीत नसल्याचा फटका थेट खिशाला बसतो. वायफायची रेंज कमी असते आणि आपण महागडा प्लॅन घेतो. चार्जर खराब असतो आणि आपण नवीन राउटर आणतो. फोनमधली एक सेटिंग बिघडलेली असते आणि आपण दोन दिवस माणसाची वाट बघत बसतो. म्हणून घरातल्या नेटशी संबंधित रोजचे शब्द इथे एकत्र दिले आहेत. त्यांच्या शेवटी, नेट बंद पडल्यावर काय तपासायचं त्याचा क्रमही दिला आहे. लेख सेव्ह करून ठेवा. नेट बंद असताना तो मोबाईल डेटावर उघडता येईल.

सगळ्यात आधी: वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

ही एक गोष्ट समजली की निम्मं काम झालं. घरातली लाईट गेली की आपण काय करतो? आधी शेजारच्या घरात डोकावतो. त्याचीही गेली असेल तर डीपीचा नाहीतर लाईनचा प्रश्न. त्याची असेल आणि आपली नसेल तर मीटर किंवा मेन स्विच बघतो. सगळ्या घरात लाईट आहे आणि एकच बल्ब लागत नाही, तर बल्ब बदलतो. एक बल्ब गेला म्हणून कोणी वायरमनला डीपीवर चढवत नाही.

नेटचंही तसंच आहे. त्याचे चार भाग धरा:

१. बाहेरून येणारी लाईन, म्हणजे खांबावरचं फायबर.
२. घरात भिंतीवर लावलेला डबा, म्हणजे ओएनटी आणि राउटर.
३. डब्यापासून फोनपर्यंतचा हवेतला रस्ता, म्हणजे वायफाय.
४. तुमचा फोन, टीव्ही किंवा कॉम्प्युटर.

वायफाय फक्त तिसरा भाग आहे. फोनवर वायफायच्या सगळ्या कांड्या दिसत असतील, तर फोन आणि डबा यांच्यातली जोडणी चांगली आहे एवढाच त्याचा अर्थ. त्या डब्यात बाहेरून नेट येतंय की नाही, हे त्या कांड्यांवरून कळत नाही. विहिरीत पाणी नसलं तरी ठिबकच्या नळ्या जोडलेल्याच असतात, तसं हे.

भाग १: बाहेरून येणारी लाईन

ब्रॉडबँड: कायम सुरू राहणारं वेगवान इंटरनेट. सरकारी व्याख्येप्रमाणे डाउनलोडचा वेग किमान २ एमबीपीएस असेल तरच त्या कनेक्शनला ब्रॉडबँड म्हणता येतं. ही मर्यादा जानेवारी २०२३ मध्ये वाढवली. त्याआधी ती ५१२ केबीपीएस होती.

आयएसपी: तुम्हाला इंटरनेट पुरवणारी कंपनी. ज्यांना तुम्ही दर महिन्याला बिल भरता ते. गावातला केबलवाला अनेकदा मोठ्या कंपनीचा स्थानिक भागीदार असतो. तुमच्या पावतीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते आजच बघून ठेवा, तक्रार करताना तेच लागतं.

फायबर: केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो आणि त्या प्रकाशावर सगळी माहिती वाहून नेली जाते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळालं. काच असल्यामुळे ही वायर काटकोनात वाकवली, खिळ्याने दाबली किंवा दाराच्या फटीत चेपली की प्रकाश अडतो. जेसीबीचं खोदकाम, उंच भरलेली उसाची ट्रॉली, झाडाची फांदी आणि उंदीर हे तिचे नेहमीचे शत्रू. वायर तुटली तर साध्या वायरीसारखी पीळ देऊन जोडता येत नाही, त्यासाठी वेगळं मशीन लागतं. तुटलेल्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

स्प्लिटर: एका फायबरचे अनेक फाटे करणारी छोटी डबी. ती गल्लीतल्या खांबावर किंवा बॉक्समध्ये असते. साधारण ३२ किंवा ६४ घरं एका मुख्य फायबरवर असू शकतात. संध्याकाळी सात ते दहा सगळ्यांचे टीव्ही आणि मोबाईल एकदम सुरू झाले की नेट मंदावतं, त्यामागचं एक कारण हे असू शकतं.

ओएनटी किंवा ओएनयू: फायबरमधला प्रकाश राउटरला समजेल अशा विजेच्या संकेतात बदलणारा डबा. फायबरची वायर थेट ज्यात घुसते तो हाच. आपल्याकडे त्याला सरसकट मोडेम किंवा राउटर म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. काही घरांत मात्र दोन वेगळे डबे असतात. तुमच्याकडे एक आहे की दोन, हे माहीत असू द्या.

मोडेम: जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर नेट यायचं, तेव्हाचा डबा. फायबरवर हे काम ओएनटी करतो, पण जुना शब्द तोंडात राहिला आहे.

डब्यावरच्या लाईट काय सांगतात?

प्रत्येक डब्यावर छोट्या लाईट आणि त्यांच्याखाली इंग्रजी अक्षरं असतात. कंपनीनुसार रंग थोडे बदलतात, पण अर्थ साधारण सारखाच असतो.

* पॉवर: डब्याला वीज मिळते आहे. ही बंद असेल तर आधी प्लग आणि चार्जर बघा.
* पॉन: ही स्थिर हिरवी असेल तर बाहेरच्या लाईनशी डब्याची जोडणी झाली आहे. सतत लुकलुकत असेल तर डबा जोडणीचा प्रयत्न करतोय, पण जमत नाहीये.
* एलओएस, बोलीत लॉस: ही बंद असणंच चांगलं. लाल लागली किंवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. बिघाड वायरीत किंवा बाहेर आहे. तुम्ही फोन कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही.
* इंटरनेट: काही डब्यांवर ही वेगळी असते. पॉन हिरवी, पण ही बंद किंवा लाल असेल तर प्लॅन संपला असेल, नाहीतर लॉगिन अडलं असेल.
* वायफाय किंवा डब्ल्यूलॅन: वायफाय सुरू आहे. चुकून बाजूचं बटण दाबलं गेलं तर ही बंद होते.
* लॅन: वायरने काही जोडलं असेल तरच लागते.

नेट व्यवस्थित चालू असताना या लाईटचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. बंद पडल्यावर काय बदललं ते एका नजरेत कळतं.

चार्जरकडे दुर्लक्ष नको. डब्याला लागणारा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो. नेमका आकडा डब्याच्या मागे लिहिलेला असतो. सेट टॉप बॉक्सचा चार्जर पिन बसते म्हणून लावू नका, व्होल्ट वेगळे असले तर डबा जळू शकतो. लोडशेडिंगमुळे नेट जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा मिनी यूपीएस लावता येतो. वीज कडाडत असेल तेव्हा डब्याचा प्लग काढून ठेवा. काचेतून वीज येत नाही, पण लाईटच्या बोर्डातून आणि तांब्याच्या लॅन केबलमधून झटका येऊ शकतो.

भाग २: घरातला डबा आणि वायफाय

राउटर: बाहेरून आलेलं एक नेट घरातल्या सगळ्या फोन-टीव्हींना वाटून देणारा आणि कोणती माहिती कोणाची हे ध्यानात ठेवणारा. पोस्टमनसारखं काम. मुलाचा व्हिडिओ मुलाच्याच फोनवर जातो, आजोबांच्या टीव्हीवर जात नाही, ते राउटरमुळे.

लॅन आणि वॅन: लॅन म्हणजे घराच्या आतलं जाळं. वॅन म्हणजे बाहेरचं. राउटर या दोघांच्या उंबरठ्यावर बसलेला असतो. बाहेरून येणारी वायर वॅनच्या खाचेत लावायची, घरातल्या कॉम्प्युटरची लॅनच्या खाचेत. सफाई करताना या दोन वायरींची अदलाबदल झाली तरी नेट बंद पडतं.

लॅन केबल: टेलिफोनच्या पिनेपेक्षा थोडी मोठी, पारदर्शक पिन असलेली वायर. वायफायपेक्षा भरवशाची. एकाच वायरीची लांबी १०० मीटरपर्यंत ठेवावी, त्यापुढे खात्री नाही. घरापासून लांबच्या गोठ्यावर कॅमेरा लावायचा असेल तर हा आकडा लक्षात ठेवा. अंतर जास्त असेल तर फायबर किंवा समोरासमोर लावायचे अँटेना लागतात. केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त असते, पण लांब अंतरावर त्रास देते.

स्विच: एका लॅन केबलच्या अनेक केबल करून देणारी पट्टी. विजेच्या एक्स्टेंशन बोर्डासारखी. दुकानात दोन कॉम्प्युटर आणि प्रिंटर वायरने जोडायचे असतील तर ही लागते.

वायफाय: राउटर आणि फोन यांच्यातला रेडिओ लहरींचा दुवा. भिंत जाड असेल, मधे पत्रा किंवा लोखंड असेल तर तो कमकुवत होतो. जुन्या दगडी वाड्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, फ्रिज किंवा लोखंडी कपाटाच्या मागे राउटर ठेवला तर रेंज मिळणारच नाही. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि मोकळ्या जागी हवा. कनेक्शन जोडायला माणूस येतो तेव्हा दाराजवळ खिळा ठोकून मोकळा होतो. त्याच वेळी सांगा, "वायर आतपर्यंत घ्या."

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ: वायफायचे दोन पट्टे. २.४ लांब पोचतो, भिंती बऱ्यापैकी पार करतो, पण वेग कमी. ५ वेगवान, पण भिंतीपुढे दमतो. राउटरच्याच खोलीत टीव्ही असेल तर ५ वर जोडा. अंगणात किंवा माडीवर २.४ बरा. बरेच कॅमेरे आणि वायफायवर चालणारे जुने प्लग फक्त २.४ वरच चालतात. कॅमेरा जोडला जात नसेल तर आधी हेच बघा.

एसएसआयडी: तुमच्या वायफायचं नाव, जे फोनच्या यादीत दिसतं. त्यात घर नंबर किंवा मोबाईल नंबर टाकू नका.

रिपीटर किंवा एक्स्टेंडर: वायफायची रेंज पुढे ढकलणारी डबी. ती रेंज संपते तिथे लावून उपयोग नाही, कारण तिलाच रेंज मिळत नाही. राउटर आणि अंधाऱ्या कोपऱ्याच्या मधोमध लावा. तिच्यातून पुढे मिळणारा वेग मूळ वेगापेक्षा कमी असतो. शक्य असेल तर राउटरपासून लॅन केबल नेऊन दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर लावा, तो जास्त टिकाऊ उपाय.

मेश: एकाच नावाने चालणारे दोन-तीन डबे. घरभर फिरलात तरी फोन आपोआप जवळच्या डब्याला जोडला जातो. मोठ्या घराला सोयीचं, पण महाग.

हॉटस्पॉट: फोनचा मोबाईल डेटा वायफायने दुसऱ्याला देणं. घरचं नेट बंद असताना तातडीचा फॉर्म भरायला हा उत्तम पर्याय.

भाग ३: पत्ते आणि नावं

आयपी ॲड्रेस: नेटवरच्या प्रत्येक उपकरणाचा आकड्यांतला पत्ता. घरातले पत्ते बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. तुमच्या घरी आणि शेजाऱ्याच्या घरीही १९२.१६८.१.५ असू शकतो, आणि त्यात अडचण नाही. वॉर्ड क्रमांक ३ प्रत्येक गावात असतो, तसंच हे. याला खासगी किंवा प्रायव्हेट आयपी म्हणतात. बाहेरच्या जगात ओळखला जाणारा तो पब्लिक आयपी.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपी व्ही ४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि जगाला ते कमी पडतात. म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पब्लिक आयपी देतात. साध्या वापराला त्याने फरक पडत नाही. पण घरातला डीव्हीआर बाहेरून थेट पत्ता टाकून उघडत नसेल, तर कारण हे असू शकतं. त्यासाठी कॅमेरा कंपनीचं ॲप वापरा किंवा आयएसपीकडे स्टॅटिक आयपी मागा. त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. नव्या पद्धतीला आयपी व्ही ६ म्हणतात, तिच्यात पत्त्यांचा तुटवडा नाही.

डीएचसीपी: नवीन फोन जोडला की राउटर त्याला आपोआप पत्ता देतो, ती सोय. फोनवर "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" असं येऊन अडकलं, किंवा कॉम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असं समजा. बहुतेक वेळा राउटर रीस्टार्ट केला की काम होतं.

गेटवे: घरातून बाहेर जाण्याचं दार, म्हणजे राउटरचा घरातला पत्ता. अनेक राउटरचा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. ब्राउझरमध्ये हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकला की राउटरच्या सेटिंगचं पान उघडतं. तुमच्या डब्याचा नेमका पत्ता खालच्या स्टिकरवर असतो.

मॅक ॲड्रेस: उपकरणाचा बारा अक्षरांचा ओळख क्रमांक. गाडीच्या चेसिस नंबरसारखा, कारखान्यातच दिलेला. आजकालचे फोन मात्र सुरक्षेसाठी प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला नंबर दाखवतात. त्यामुळे राउटरच्या यादीत अनोळखी नंबर दिसला म्हणजे लगेच चोरच शिरला, असं नाही. घरातले सगळे फोन मोजा, मग ठरवा.

डीएनएस: इंटरनेटची फोनबुक. आपण फोनमध्ये "दादा" शोधतो, फोन त्याचा नंबर लावतो. तसं आपण वेबसाइटचं नाव लिहितो आणि डीएनएस त्याचा आयपी शोधून देतो. ही व्यवस्था १९८३ साली तयार झाली. डीएनएस अडला की गंमत होते. नेट सुरू असतं, एखादं ॲप चालतं, पण वेबसाइट उघडत नाहीत. अँड्रॉइड फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस नावाची सेटिंग असते. जाहिराती बंद करायला कोणाच्या तरी व्हिडिओवरून तिथे काही लिहिलं असेल आणि वायफायला "इंटरनेट नाही" दिसत असेल, तर ती सेटिंग पुन्हा ऑटोमॅटिकवर करा.

भाग ४: वेग आणि डेटा

एमबीपीएस आणि एमबी: सगळ्यात जास्त गोंधळ इथे. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. ८ बिट मिळून १ बाइट. म्हणून ४० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी उतरतं. ७०० एमबीची फाइल उतरायला सव्वादोन-अडीच मिनिटं लागली, तर तुमचं नेट बरोबर चाललं आहे. कंपनीने फसवलेलं नाही.

डाउनलोड आणि अपलोड: आपल्याकडे येणारं ते डाउनलोड, आपण पाठवतो ते अपलोड. फॉर्मला फोटो जोडणं, व्हिडिओ कॉलवर आपलं चित्र जाणं, गोठ्यावरचा कॅमेरा बाहेरगावाहून बघणं, हे सगळं अपलोडवर चालतं. प्लॅन घेताना दोन्ही आकडे विचारा.

किती वेग पुरे? यूट्यूबवर साध्या एचडीला साधारण २.५ एमबीपीएस आणि फुल एचडीला ५ एमबीपीएस लागतात. घरात एका वेळी टीव्हीवर फुल एचडी, एक ऑनलाइन क्लास आणि दोन फोन चालत असतील, तर ४० एमबीपीएस नीट मिळाले तर पुरतात. तरीही अडकत असेल तर दोष बहुधा वायफायच्या रेंजचा असतो. प्लॅन वाढवण्याआधी राउटरशेजारी बसून स्पीड टेस्ट करा, मग नेहमीच्या खोलीत करा. शेजारी वेग पूर्ण आणि खोलीत कमी, तर प्लॅनवर पैसे टाकू नका, राउटरची जागा बदला.

पिंग किंवा लेटन्सी: संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ. तो मिलिसेकंदात मोजतात आणि कमी असलेला चांगला. व्हिडिओ कॉलवर बोलणं एकमेकांवर येत असेल तर वेग चांगला असूनही पिंग जास्त असू शकतो.

एफयूपी: "अनलिमिटेड" प्लॅनमधली मर्यादा. ठरावीक जीबी वापरून झाले की वेग उतरतो. महिन्याच्या शेवटी दर वेळी नेट मंद होत असेल तर आधी वापर तपासा.

भाग ५: कुलूप-किल्ली

कनेक्शन तुमच्या नावावर, तुमच्या आधारवर आहे. तुमच्या वायफायवरून कोणी फसवणूक केली तर चौकशी आधी तुमच्या दारात येते. म्हणून या गोष्टी कराच:

* वायफायचा पासवर्ड बदला. मोबाईल नंबर, मुलाचं नाव किंवा १ ते ८ आकडे नकोत. किमान १२ अक्षरं ठेवा. दोन-तीन मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून मध्ये आकडे टाकले की लक्षातही राहतो.
* राउटरचा ॲडमिन पासवर्डही बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. सेटिंगचं पान याने उघडतं. अनेक डब्यांवर तो कंपनीने दिलेला तसाच राहतो आणि सगळ्यांना ठाऊक असतो.
* सुरक्षेचा प्रकार बघा. डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ असावा. डब्ल्यूईपी फार जुना आणि कच्चा, तो ठेवू नका.
* डब्ल्यूपीएस बंद ठेवा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून, पासवर्डशिवाय जोडणी करणारी ही सोय चोरालाही सोयीची ठरू शकते.
* पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क. राउटरमध्ये सोय असेल तर दुकानातल्या गिऱ्हाइकांना हे वेगळं वायफाय द्या. तुमचा कॉम्प्युटर आणि कॅमेरा वेगळा राहतो.

"तुमचं नेट बंद होणार आहे, केवायसी करा," किंवा "दुरुस्तीसाठी हे ॲप टाका," असा फोन आला तर फोन ठेवा. नेट दुरुस्तीसाठी ओटीपी लागत नाही. तुमचा मोबाईल स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲपही लागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

नेट बंद पडलं? या क्रमाने बघा

१. एकाच फोनला की सगळ्यांना? एकाच फोनला असेल तर दोष त्या फोनचा. वायफाय विसरा, म्हणजे फरगेट करा आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा.
२. पॉवरची लाईट आहे का? नसेल तर बोर्ड, प्लग, चार्जर.
३. लॉस लाल आहे का? असेल तर डब्यात घुसलेली फायबरची पिन हलकेच दाबून बघा, वायर कुठे दबली-वाकली नाही ना ते पाहा. तरी लाल असेल तर पुढचं काही न करता तक्रार करा.
४. शेजाऱ्याचं चालू आहे का? त्याच कंपनीचं त्याचंही बंद असेल तर बिघाड बाहेर आहे.
५. प्लॅन संपला आहे का? कंपनीच्या ॲपवर किंवा मेसेजमध्ये तारीख बघा.
६. रीस्टार्ट करा. डब्याचा प्लग काढा, एक मिनिट थांबा, परत लावा. सगळ्या लाईट येईपर्यंत दोन-तीन मिनिटं द्या.
७. वायरने जोडून बघा. लॅपटॉप असेल तर लॅन केबल लावा. वायरवर नेट चालतं आणि वायफायवर नाही, तर दोष वायफायचा.

रीस्टार्ट आणि रीसेट यांत गल्लत नको. डब्याच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं. त्यातलं बटण काही सेकंद दाबून धरलं की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड जातोच, पण कंपनीने भरलेलं लॉगिनही पुसलं जाऊ शकतं. मग तंत्रज्ञ येईपर्यंत नेट नाही. फॉर्मची शेवटची तारीख असेल त्या दिवशी तर या भोकाला हात लावूच नका.

तक्रार कशी सांगाल?

"नेट चालत नाही" याऐवजी असं सांगा: "पॉवर चालू आहे, पॉन लुकलुकतोय, लॉस लाल आहे, सकाळी ९ पासून. शेजारच्या दोन घरांतही तसंच आहे." एवढं ऐकलं की बाहेर फायबर तुटल्याचं समोरच्याला कळतं आणि माणूस योग्य सामान घेऊन निघतो. किंवा असं: "पॉन हिरवा आहे, वायफाय जोडलंय, वायरनेही नेट येत नाही. प्लॅन १५ तारखेपर्यंत आहे." मग तो तुमच्या घरी यायच्या आधी ऑफिसमधूनच लॉगिन तपासू शकतो.

केबलवाल्याला फोन केला तरी कंपनीच्या कस्टमर केअरलाही तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा पुरावा राहत नाही. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही, तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे त्या क्रमांकावर अपील करता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एक कागद घ्या. त्यावर कंपनीचं नाव, ग्राहक क्रमांक, कस्टमर केअर नंबर, प्लॅनची तारीख आणि लाईट चालू असतानाचे रंग लिहा आणि राउटरजवळ चिकटवा. पासवर्ड त्यावर लिहू नका. घरात शिकलेलं पोर कॉलेजला गेलेलं असलं, तरी त्या कागदावरून आई किंवा आजोबाही बरोबर तक्रार नोंदवू शकतील.